पेटी शिकायला सुरुवात केली, पण मन टिकत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रौढ वयात पेटी, म्हणजेच संवादिनी, शिकू लागलेली मंडळी पहिल्या एक-दोन वर्षांत जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. वरवर पाहता ते बोटांविषयी, रागांविषयी किंवा वेळेविषयी असतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी “मन लागेनासे झाले आहे” हीच तक्रार असते. उत्तरे सलग वाचलीच पाहिजेत असे नाही. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात विस्ताराने आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझे वय ५२ आहे आणि आजवर मी कोणतेही वाद्य हातात घेतलेले नाही. आता सुरुवात करून काही हाती लागेल का?

लागेल. उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी पेटी हे मोठे दयाळू वाद्य आहे, कारण तिच्यात स्वर तयार असतो. सतारीवर किंवा व्हायोलिनवर एक स्वच्छ स्वर काढण्यात काही महिने जातात, तर पेटीची पट्टी दाबून भाता हलवला की पहिल्याच दिवशी षड्ज (सा) ऐकू येतो. प्रौढांची बोटे मुलांच्या बोटांइतकी लवचीक नसतात आणि अतिद्रुत ताना त्यांना कदाचित कधीच साधणार नाहीत, हे खरे. परंतु चाळीस-पन्नास वर्षे ऐकलेले अभंग, नाट्यपदे आणि भावगीते तुमच्या कानात साठलेली आहेत, आणि दहा वर्षांच्या मुलाकडे ही पुंजी नसते. रोज अर्धा तास बसणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याला वर्षअखेरीस मध्यलयीत दहा-बारा अलंकार (म्हणजे ठरावीक क्रमाने रचलेले स्वरांचे सरावपाठ), दोन-तीन रागांच्या छोट्या रचना आणि चार-पाच अभंग नीट वाजवता येतात, असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे.

२. रोज किती वेळ रियाज करावा?

सुरुवातीला वीस मिनिटे पुरेत, मात्र ती रोज हवीत. आठवडाभर पेटी बंद ठेवून रविवारी दोन तास बसणाऱ्याचा पहिला अर्धा तास मागचे आठवण्यात जातो आणि शेवटचा अर्धा तास पाठ दुखण्यात जातो. वेळेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटीची जागा. खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेली पेटी काढायची तर मनाची तयारी करावी लागते; तीच बैठकीच्या कोपऱ्यात, वर एक स्वच्छ कापड घालून ठेवलेली असली की माणूस चहा होईपर्यंतही सहज पाच मिनिटे वाजवतो.

३. तीन महिने झाले तरी सर अलंकारच वाजवून घेत आहेत. कंटाळा आला आहे. गाणे कधी सुरू होणार?

सर्वाधिक लोक याच वळणावर पेटी बंद करतात, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

अलंकार टाळता येत नाहीत, कारण पुढच्या सगळ्या वादनाची बोटे तेथेच घडतात. पण कंटाळ्याचे कारण बहुधा अलंकार हे नसते. तोच अलंकार, त्याच षड्जापासून, त्याच लयीत, रोज तितक्याच वेळा वाजवला जातो आणि कान झोपी जातो, हे खरे कारण असते. ‘सारेग, रेगम, गमप’ हा अलंकार हाताला बसला असेल, तर तोच भूप रागाच्या स्वरांत बांधून पाहावा: ‘सारेग, रेगप, गपध, पधसां’. मध्यम (म) आणि निषाद (नि) गळताच बोटांना नव्याने विचार करावा लागतो आणि कानाला रागाची चाहूल लागते. मग तोच अलंकार चार मात्रांत बसवा, आठ मात्रांत बसवा, उलटा वाजवा.

आणखी एक खेळ मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच दाखवतो. पेटीवर एका सप्तकात पाचच काळ्या पट्ट्या असतात. फक्त त्याच वाजवायच्या असे ठरवून काळी तीन (तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातली पहिली; काळी एक आणि दोन म्हणजे दोनच्या गटातल्या) हा षड्ज मानला, तर भूपाचे स्वर मिळतात. त्याच पाच पट्ट्यांवर काळी एक षड्ज मानली की दुर्गाचे स्वर येतात, काळी दोनपासून धानीचे, काळी चारपासून मधमाद सारंगाचे आणि काळी पाचपासून मालकंसाचे. पट्ट्या त्याच राहतात आणि केवळ घर बदलल्याने साऱ्या वातावरणाचा रंग पालटतो. नुसत्या स्वरांनी राग होत नाही, त्याला त्याचे चलन, म्हणजे स्वरांची विशिष्ट चाल, लागते, हे खरेच. तरीही ज्याला पाच पट्ट्यांतून पाच रंग दिसले, तो अलंकारांना रटाळ म्हणत नाही.

गाण्याविषयी म्हणाल, तर सरांना आदराने सांगावे की अलंकारांच्या जोडीला एक सोपी धून द्या. बहुतेक शिक्षक आनंदाने देतात. दोन्हींची सांगड घालावी: वीसपैकी बारा मिनिटे अलंकार आणि आठ मिनिटे धून.

४. माझी प्रगती होते आहे की नाही, हे मला कळतच नाही. ते कसे ओळखावे?

रोज आरशात पाहणाऱ्याला आपले वजन उतरलेले दिसत नाही, तसेच हे आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तोच अलंकार आणि तीच धून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, आणि तिसऱ्या महिन्यात तिन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. मध्ये अजिबात ऐकू नयेत. मी हा प्रयोग ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांपैकी बहुतेकांना स्वतःचे पहिले मुद्रण ओळखूच आले नाही.

ऐकताना केवळ वेगाकडे लक्ष देऊ नये. भात्याचा आवाज एकसारखा झाला आहे का, की प्रत्येक झोक्यागणिक स्वर फुगतो आणि दबतो? एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये पोकळी राहते का? सम (तालाची पहिली मात्रा) चुकल्यावर किती मात्रांत सावरता येते? प्रगती या ठिकाणी आधी दिसते. वेग पुष्कळ नंतर येतो. जोडीला एक साधी वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, अलंकार आणि लय एवढेच लिहावे. मिनिटाला ६० मात्रांवर न चुकता वाजणारा अलंकार दोन महिन्यांनी ८० वर तितकाच स्वच्छ वाजला, तर ती प्रगती तुमच्या शंकेच्या पलीकडची आहे.

५. सहा महिने चांगले गेले, आता मात्र सगळे थांबल्यासारखे झाले आहे. रियाज चालू आहे, पण लय वाढवली की सगळे कोसळते.

हा उत्साहाचा प्रश्न वाटतो. पण जवळजवळ नेहमी तो अंगठ्याचा प्रश्न असतो. पांढरी एकपासून (दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी) सारेग ही तीन बोटे झाली की मध्यमाला अंगठा खालून सरकून आला पाहिजे, म्हणजे पुढचे मपधनिसां पाच बोटांत सलग निघते. स्वतः शिकलेले कित्येक जण अंगठा न वापरता सगळा हात उचलून पुढे ठेवतात. ठाय, म्हणजे संथ, लयीत हे खपते, लय वाढताच हात धावू लागतो आणि अडखळतो. दुसरे कारण नजर. पट्ट्यांकडे टक लावून वाजवणाऱ्याची लय डोळ्यांच्या वेगाने ठरते, म्हणून रोज पाच मिनिटे समोरच्या भिंतीकडे पाहून वाजवावे. तिसरे कारण डावा हात: भाता मात्रेच्या ठेक्याबरोबर हलू लागला की द्रुत लयीत तो थकतो. भाता सावकाश आणि लयीपासून स्वतंत्र चालला पाहिजे.

बोटे दुरुस्त करताना दोन-तीन आठवडे वादन आधीपेक्षा वाईट होईल. हे आधीच माहीत असेल, तर तो काळ सोसवतो.

६. नोटेशन समोर नसेल तर मला काहीच वाजवता येत नाही. माझा कानच नाही का?

कान आहे, त्याला काम दिलेले नाही. वाजवण्याआधी ओळ गुणगुणावी, ती कोणत्या स्वरावर येऊन विसावते ते पाहावे आणि तो स्वर पेटीवर शोधावा. तेथून पुढे आठवड्याला एक ओळ, अगदी पाळण्याची किंवा ओवीची सुद्धा चालेल, कागदाशिवाय काढावी. पहिल्या ओळीला तीन दिवस लागतील आणि दहाव्या ओळीला कदाचित दहा मिनिटे पुरतील.

७. यूट्यूबवर इतके धडे फुकट आहेत. तेवढ्यावर शिकता येईल का?

काही अंतरापर्यंत येईल. अडचण अशी की एक शिक्षक पांढरी एकपासून वाजवतो, दुसरा काळी एकपासून आणि तिसरा काळी चारपासून. प्रत्येक षड्जाबरोबर बोटांची मांडणी बदलते, आणि विद्यार्थी आठवड्यात तीन मांडण्या अर्ध्यामुर्ध्या शिकून “मला जमत नाही” या निष्कर्षाला येतो. एक मालिका आणि एक षड्ज निवडून तीन महिने त्यालाच चिकटून राहावे. पडद्यावरच्या शिक्षकाला तुमचा अंगठा दिसत नाही (प्रश्न ५ पाहा), म्हणून महिन्यातून एकदा तरी जाणकार माणसासमोर बसून वाजवावे.

८. मोठ्या वादकांना ऐकले की माझा रियाज व्यर्थ वाटतो आणि दोन-दोन दिवस पेटी उघडवत नाही. मग ऐकणेच बंद करू का?

ऐकणे कधीही बंद करू नये. या निराशेचे मूळ मला फार मोलाचे वाटते. तुमचा कान तुमच्या हातापेक्षा पुढे गेला आहे, आणि शिकणाऱ्याच्या बाबतीत हेच व्हायला हवे. ज्याचा हात कानाच्या पुढे जातो, त्याला आपल्या चुका ऐकू येत नाहीत आणि त्याची वाढ तेथेच थांबते. त्रास होतो तो मात्र खरा असतो, त्याला क्षुल्लक म्हणणार नाही.

उपाय ऐकण्याच्या पद्धतीत आहे. रियाजाच्या आधी मैफलीची ध्वनिमुद्रणे ऐकू नयेत, नंतर ऐकावीत. ऐकताना सगळे एकदम कवेत घेऊ नये; आज फक्त साथीची पेटी ऐकायची, गायक थांबला की ती कोणता स्वर धरून ठेवते एवढेच पाहायचे. उद्या केवळ समेवर येणे ऐकायचे. अशा रीतीने ऐकले, की त्या वादनातून तुमच्या वीस मिनिटांत आणता येण्याजोगी एखादी लहान गोष्ट हाती लागते. तुलना करायचीच असेल, तर ती प्रश्न ४ मधल्या तुमच्याच जुन्या मुद्रणाशी करावी.

९. नोकरी, घर आणि त्यात शेजाऱ्यांची तक्रार. रात्री दहानंतरच वेळ मिळतो. काय करावे?

पेटीचा आवाज कमी करण्याची कळ नसते, पण वरचे झाकण लावून, आतल्या पात्यांपैकी एकाच ओळीचे स्वर उघडे ठेवून आणि भाता अगदी हलका चालवून तो बराच उतरवता येतो. उशीर फारच झाला, तर भाता न हलवता पट्ट्यांवर बोटे फिरवत मनात स्वर म्हणावेत. हा मुका रियाज अंगठ्याच्या सरावासाठी उत्तम आहे. तेवढेही नाही जमले, त्या दिवशी तीनतालाचे सोळा मात्रांचे बोल हातावर टाळी-खाली देत म्हणावेत. वहीत त्याचीही नोंद करावी.

१०. एकट्याने बसून वाजवण्यात रस उरला नाही. आपण हे कोणासाठी करतो आहोत, असे वाटते.

मला विचाराल तर या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पेटी हे मुळात सोबतीचे वाद्य आहे. ती गळ्याला साथ करते, तबल्याला लेहरा देते, भजनात सर्वांना एका सुरात धरून ठेवते. बंद खोलीत वर्षभर एकटीच वाजणारी पेटी शिकणाऱ्याला उदास करते, यात नवल नाही. म्हणून “पुरेसे येऊ लागले की इतरांबरोबर वाजवीन” हा विचार मी चुकीचा मानतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच कोणाच्या तरी उपयोगी पडायला सुरुवात करावी.

सर्वांत सोपा मार्ग लेहऱ्याचा आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत बसलेली एक छोटी सुरावट, तीच पुन्हापुन्हा, लय तसूभरही न हलवता वाजवायची असते. तबला शिकणाऱ्याला तिची रोज गरज असते. यंत्रावरचा लेहरा मिळतो, पण समोर माणूस असण्याची मजा त्यात नाही. तुमच्या गावात किंवा सोसायटीत तबला शिकणारे कोणी तरी नक्की असेल. त्याला सांगावे की आठवड्यातून एकदा अर्धा तास मी तुला लेहरा धरतो. तो कायदा (तबल्यावर विस्तार करत वाजवायची बोलांची रचना) वाजवत असताना आपली लय ढळू न देणे ही तुमच्यासाठी केवढी तरी मोठी साधना आहे, आणि तो समेवर तुमच्याबरोबर येतो तेव्हा जो आनंद होतो, तो एकट्याच्या रियाजात कधीच मिळत नाही.

दुसरा मार्ग भजनाचा. एकादशीचे भजन, हरिपाठ, गणपतीच्या आरत्या या ठिकाणी वादकाकडून तानांची अपेक्षा नसते. त्याने सूर द्यावा आणि चाल धरून ठेवावी, एवढे पुरते. गोव्यात तर गावोगावच्या देवळांत भजनी सप्ताहांची परंपरा आहे आणि वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. अशा ठिकाणी रात्रीच्या प्रहरी ज्येष्ठांच्या मागे बसून नुसता षड्ज-पंचम धरणाऱ्या नवख्यालाही जागा असते. ज्यांना समोर बसण्याची भीती वाटते, त्यांनी अशीच मागची जागा मागून घ्यावी. स्वतंत्र वादनाआधी साथीत हात स्थिर होतो.

११. परीक्षा द्याव्यात का? त्याने हुरूप राहतो असे म्हणतात.

काहींना राहतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि प्रवेशिका, मध्यमा असे टप्पे ओलांडत विशारद व पुढे ‘अलंकार’ नावाच्या परीक्षेपर्यंत जातात. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली तारीख आणि अपरिचित परीक्षक या तीन गोष्टींनी टाळाटाळ थांबते, म्हणून पहिल्या दोन परीक्षा द्यायला मी प्रौढांनाही सांगतो. मात्र परीक्षेच्या आधीचे तीन महिने वाजवणे आणि नंतरचे तीन महिने पेटीला हात न लावणे असे चक्र दोनदा घडले, तर परीक्षा तुमच्यासाठी नाही. अशांनी प्रश्न १० मधला मार्ग धरावा.

१२. शास्त्रीय संगीतात पेटीला मान नाही आणि तिने सूर बिघडतो, असे एका गायकाने मला सांगितले. तेव्हापासून मन उडाले आहे.

या आक्षेपात तथ्य आहे आणि ते समजून घेतले की मन उडण्याचे कारण उरत नाही. आजच्या पेट्या सहसा बारा समान भागांत जुळवलेल्या असतात, त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे एका अर्धस्वराच्या जवळजवळ सातव्या भागाइतका, चढा असतो. शिवाय दोन स्वरांमधली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) तिच्यावर काढता येत नाही. अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती.

तरीही त्याच काळात मैफलींतून, नाटकांतून आणि देवळांतून पेटी वाजतच राहिली. संवादिनीवादक गोविंदराव टेंबे यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती, आणि गोव्यातील बोरी गावी जन्मलेले संवादिनीवादक पंडित तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. तुमच्यापुरता उपाय सोपा आहे: रियाजाच्या वेळी तंबोरा लावावा आणि रोज दोन मिनिटे त्याच्या सुरात गंधार गाऊन मगच पेटीवरचा गंधार ऐकावा. फरक ऐकू येऊ लागला, तर पेटी तुमचा सूर बिघडवणार नाही.

१३. जून-जुलैत माझे वादन एकदम बिघडते. असे का होत असावे?

कोकण, मुंबई आणि गोव्याकडून हा प्रश्न दरवर्षी येतो. दमट हवेने लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात किंवा दाबल्यावर वर येत नाहीत, आणि विद्यार्थी दोष स्वतःला देतो. एकही पट्टी न दाबता भाता चालवून पाहावा. थोड्याच वेळात तो हाताला जड लागला पाहिजे. तसाच हलका राहिला, तर हवा गळते आहे. अशा पेटीवर कितीही रियाज केला तरी डावा हातच थकेल, म्हणून आधी कारागिराला दाखवावे. अडकलेल्या पट्ट्या घरी तासू नयेत, पाऊस सरला की त्या बहुधा पूर्ववत होतात.

१४. मी परदेशात राहतो आणि पुण्यातल्या गुरुजींकडे ऑनलाइन शिकतो. सगळे एकाकी वाटते.

ऑनलाइन शिकवणीत आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरुजींना आणि तुम्हाला एकाच वेळी वाजवता येत नाही. तुम्हाला जाणवणारी उणीव ही आहे. गुरुजींकडून धडा आणि ठेका ध्वनिमुद्रित करून मागवावा आणि रियाज त्या मुद्रणाबरोबर करावा, म्हणजे त्यांच्यासोबत वाजवल्याचा थोडा तरी अनुभव येतो. बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ असते आणि गणेशोत्सवाच्या आरत्यांना पेटीवाला हवाच असतो. थंड प्रदेशात घर तापवल्याने हवा कोरडी होते आणि लाकडाला चिरा जाऊ शकतात, म्हणून पेटी हीटरजवळ ठेवू नये.

१५. आजारपणामुळे दीड वर्ष खंड पडला. आता पुन्हा पहिल्यापासून?

पहिल्यापासून नाही. बोटे दोन-तीन आठवड्यांत बरेचसे आठवतात, फक्त त्या आठवड्यांत जुन्या लयीचा हट्ट धरू नये. वहीतल्या शेवटच्या नोंदीच्या निम्म्या लयीपासून सुरुवात करावी. वाजवणे बंद असतानाचा काळ वाया गेला, असेही समजू नका. गायक कुमार गंधर्व क्षयामुळे १९४८ साली देवासला गेले आणि काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. अंथरुणावरून कानावर पडत गेलेली माळव्यातली लोकगीते पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. तुम्ही या दीड वर्षात काय काय ऐकलेत ते आठवा आणि त्यातलीच एखादी चाल पहिल्या आठवड्यात पेटीवर काढून पाहा.

१६. हे सगळे करूनही ओढ वाटत नाही. सोडून दिले तर चालेल का?

चालेल, पण त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पेटी सुस्थितीत आहे का (प्रश्न १३), आणि किमान दोन महिने कोणाबरोबर तरी वाजवले आहे का (प्रश्न १०)? दोन्हींचे उत्तर “होय” असूनही बसताना ओझे वाटत असेल, तर वाद्य बदलून पाहावे. पेटीवर वर्षभर रमू न शकलेली आणि पुढे तबल्यावर किंवा बासरीवर रमलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि पेटीवर शिकलेले स्वर आणि ताल त्यांना तेथे कामी आले.

सोडायचे ठरले, तर पेटी कपाटावर ठेवून देऊ नये. न वाजणाऱ्या पेटीच्या भात्याचे चामडे कडक होते, आतल्या बनातीला कसर लागते आणि चार वर्षांनी ती उघडावी तर निम्मे स्वर बोलत नाहीत. जवळच्या शाळेत, भजनी मंडळात किंवा नव्याने शिकू लागलेल्या एखाद्याकडे ती द्यावी, आणि देताना आपली वहीही सोबत द्यावी.